कोकीचं वय

साशंक : १८ मे २०१७ ला रीमा लागू गेली, तेव्हा ती ५८ वर्षांची होती. आदल्या दिवसापर्यंत एका मालिकेचं चित्रीकरण करत होती. त्या आठवड्यात जिकडेतिकडे 'पडद्यावरची आई गेली' हेच ऐकू आलं, आणि थोडं हसून आठवण काढायची असली की 'श्रीमान श्रीमती'मधली कोकी नाहीतर 'तू तू मैं मैं'मधली देवकी. माझ्या मनात ते तेव्हापासून सलतंय. मी तिला 'पुरुष'मध्ये पाहिलंय, 'सविता दामोदर परांजपे'मध्ये पाहिलंय. जयवंत दळवींच्या 'पुरुष'मधली अंबिका ही एक साधी शिक्षिका. एक पुढारी तिच्यावर अत्याचार करतो, आणि शेवटी ती स्वतःच त्याला शिक्षा करते. समोर नाना पाटेकरसारखा नट असताना ती भूमिका पेलणं म्हणजे काय, ते त्या रात्री नाट्यगृहात बसलेल्यांनाच माहीत. अशी अभिनेत्री दर आठवड्याच्या एका विनोदी भागात खर्ची पडली, आणि आपण तिला 'लाडकी' म्हणून मोकळे झालो. लाडक्या माणसाकडून आपण काही मोठं मागत नाही. त्यानं यावं, हसवावं, जावं. हे प्रेम मला कमी प्रतीचं वाटतं.

चाहती : काका, तुम्ही जे पाहिलंत ते मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याला कमी लेखायचा मला अधिकार नाही. माझ्या वाट्याला टीव्हीवरचीच रीमा आली. पण खर्ची कुठं पडली ते विचारायचं असेल, तर टीव्हीच्या आधी सिनेमाला विचारा. 'कयामत से कयामत तक' आला १९८८ मध्ये. त्यात ती जुही चावलाची आई झाली, तेव्हा तिला अजून तीस पूर्ण व्हायची होती. पुढच्या वर्षी 'मैंने प्यार किया'मध्ये सलमान खानची आई. सलमान तिच्यापेक्षा साडेसात वर्षांनी लहान. आणि १९९९ च्या 'वास्तव'मध्ये ती संजय दत्तची आई. त्या दोघांच्या वयात अंतर किती? जेमतेम तेरा महिने! या सगळ्या आयांच्या आधी गोविंद निहलानींच्या 'आक्रोश'मध्ये आणि श्याम बेनेगलांच्या 'कलयुग'मध्ये याच बाईला वेगळं काही करायला मिळालं होतं. तिशीच्या उंबरठ्यावर सिनेमानं तिच्या पुढच्या वीस वर्षांवरून एकदम उडी मारली. आता वर्ष बघा. 'हम आपके हैं कौन' आला १९९४ मध्ये. त्यात ती नवरीची आई, सोज्वळ, समजूतदार. त्याच वर्षी दूरदर्शनवर कोकी आली आणि देवकीही आली. मोठ्या पडद्यावर जी बाई मुलाबाळांची वाट बघत, डोळे पुसत उभी असायची, ती घरातल्या छोट्या पडद्यावर नवऱ्याला फैलावर घेत होती आणि सुनेला शब्दाला शब्द देत होती. तुम्ही याला खर्ची पडणं म्हणता. मला वाटतं, तिला तिथं श्वास घ्यायला मिळाला.

साशंक : श्वास घेतला खरा, पण कुठल्या खोलीत? 'श्रीमान श्रीमती'चा पाया काय होता ते आठव. शेजारी-शेजारी दोन जोडपी. केशव कुलकर्णीला शेजारची नटी प्रेमा शालिनी आवडते आणि प्रेमाच्या नवऱ्याला, त्या दिलरुबाला, केशवची बायको आवडते. परस्त्रीचा मोह हाच विनोद. घरची बायको म्हणजे नवऱ्याची नजर जिला ओलांडून पलीकडे जाते ती. 'तू तू मैं मैं'मध्ये तर नावातच भांडण आहे. सासू-सून भांडतात, मधले पुरुष कात्रीत सापडतात, भाग संपतो. पुढच्या आठवड्यात पाटी कोरी. माझा मुख्य आक्षेप इथंच आहे. मोठ्या भूमिकेत माणूस एका टोकाकडून निघतो आणि भलत्याच टोकाला पोचतो. 'सविता'मध्ये शेखर ताम्हाणेंनी काय लिहिलं होतं? कुसुम नावाची एक संसारी बाई, आणि तिच्या तोंडून बोलणारी दुसरी कुणीतरी. शरीर तेच, साडी तीच. पण रीमा मान वर करून बोलू लागली की पहिल्या रांगेतला माणूससुद्धा खुर्चीत मागं सरकायचा. आवाज मोठा होत नसे. उलट तो सावकाश, थंड होत जायचा आणि म्हणूनच भीती वाटायची. अडीच तासांत ती आम्हाला कुठून कुठं नेऊन सोडायची! कोकी इतक्या भागांत कुठं पोचली? जिथून निघाली तिथंच.

चाहती : कोकी कुठं पोचत नाही, हे मान्य. पण आपल्या घरातली माणसं तरी रोज कुठं पोचतात? सकाळच्या दुधापासून रात्रीच्या ओट्यापर्यंत दिवस पुन्हा तिथंच येतो. तीच कटकट, तीच समजूत, पुन्हा तीच कटकट. याच गोलात फिरणाऱ्या माणसांची गोष्ट मालिकेतला विनोद सांगतो. त्याला वाढीच्या पट्टीनं मोजलंत तर तो कायम नापासच होणार. आणि त्यात रीमा काय करत होती ते जवळून बघायला हवं. 'श्रीमान श्रीमती'तले बाकीचे तिघं आठवा. जतीन कनाकियाचा केशव, राकेश बेदीचा दिलरुबा, अर्चना पूरण सिंगची प्रेमा. तिघांचाही सूर वरचा, हातवारे मोठे. चौथ्यानंही तोच सूर लावला असता तर नुसता गलका झाला असता. ते घर खरं वाटतं ते कोकीमुळे. ती फार काही करत नाही. नवरा थाप मारत असतो आणि ही ऐकत असते. ऐकताना चेहरा स्थिर. पण थाप कुठल्या शब्दावर कळली, ते तिच्या डोळ्यांत नेमकं त्या शब्दावर दिसतं. मग लगेच काही बोलत नाही. एक क्षण जाऊ देते. त्या एका क्षणात आपल्याला कळतं की हिला कळलंय, आणि केशवला अजून कळलेलं नाही की हिला कळलंय. हसू तिथं येतं, पुढच्या संवादावर नाही. टीव्हीवर मागून घातलेला हशा असायचा, पण माझी आजी त्या हशाच्या आधीच हसायची, कारण ती रीमाचे डोळे बघत असायची.

साशंक : हे तू बरोबर पकडलंस. ऐकणं हा अभिनयातला सगळ्यात अवघड भाग, आणि तो तिला येत होता, यात वाद नाही. पण तो आला कुठून? रंगभूमीवरून आला. तिची आई मंदाकिनी भडभडे. वसंत कानेटकरांच्या 'लेकुरे उदंड जाली'मुळे लोकांना माहीत झालेली अभिनेत्री. नयन भडभडे नावाची ही मुलगी त्या घरात वाढली, पुण्यात हुजूरपागेत शिकली, नाटकात आली, लग्नानंतर रीमा लागू झाली. आणि 'श्रीमान श्रीमती' लिहिणारे अशोक पाटोळे कोण? 'आई रिटायर होतेय' लिहिणारे मराठी नाटककार. म्हणजे लेखणी मराठी रंगभूमीची, ऐकायची ती तालीम मराठी रंगभूमीची, आणि पीक निघालं हिंदी मालिकेच्या शेतात. आडनाव कुलकर्णी, भाषा हिंदी. मला हिंदीचा राग नाही. पण रंगभूमीनं वर्षानुवर्षं साठवलेलं भांडवल टीव्हीनं उचललं आणि परत काय केलं? प्रसिद्धी मिळाली, ती नटीला. नाटकाच्या हातात काहीच पडलं नाही.

चाहती : भांडवलाचा हिशोब काढायचाच, तर पूर्ण काढू. ही तुमची अंबिका, ही तुमची कुसुम त्या काळात दिवसा कुठं असायची? बँकेत नोकरीला. तिथली नोकरी सांभाळून ती नाटकं करत होती. ज्या अभिनेत्रीला पाहून प्रेक्षक खुर्चीत मागं सरकायचे, तिला सकाळी वेळेवर कामावर हजर व्हावं लागायचं. रंगभूमीनं तिला मान दिला, ओळख दिली, हे खरं. पण नोकरी सोडून निश्चिंतपणे अभिनय कर, असं म्हणण्याइतका पैसा रंगभूमीजवळ नव्हता. तो सिनेमाजवळ होता, टीव्हीजवळ होता. आणि तुम्ही म्हणता तशी ती गेली तरी कुठं? २०१३ मध्ये 'तुझं माझं जमेना' घेऊन मराठीत आलीच की! पुन्हा सासू, पुन्हा विनोद, या वेळी आपल्या भाषेत. 'नटसम्राट' बघून आपण घरी येऊन दोन दिवस गप्प बसतो, पण नटाच्या घरी चूल कशी पेटते ते विचारत नाही. काका, तुम्हाला दुखवायला म्हणत नाही. पण आपलं नाट्यप्रेम तिकिटाच्या किमतीपाशी थांबत आलंय.

साशंक : लागलं. आणि खरं आहे म्हणूनच लागलं. नटीनं पोट भरू नये असं मी कधीच म्हणणार नाही. आता माझा दुसरा आक्षेप ऐक. तो पैशाचा नाही. 'तू तू मैं मैं' निरागस होती, हे मी मानतो. सचिन पिळगांवकरांनी ती हलक्या हातानं केली. सून सुप्रिया, सासू रीमा, सासरे कुलदीप पवार. कुणाचाच स्वभाव काळा नाही. पण सासू-सुनेचं भांडण दर आठवड्याला विकलं जाऊ शकतं, हे त्या मालिकेनं वाहिन्यांना शिकवलं. दूरदर्शनवरून ती स्टार प्लसवर गेली आणि २००० पर्यंत चालली. त्याच वर्षी त्याच वाहिनीवर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. मग पुढं काय झालं ते तुझ्यासमोर आहे. कपाळभर टिकल्या, विषाचे पेले, तीन-तीनदा फिरणारा कॅमेरा. जी वाट तिनं हसत घातली, त्याच वाटेनं हे सगळं घरात आलं. आणि दैव असं की रीमाची शेवटची मालिका 'नामकरण', त्यातली दयावंती मेहता ही करडी, कठोर आजी. देवकीपासून दयावंतीपर्यंतचा प्रवास मला टीव्हीचा प्रवास वाटतो, आणि तो चढणीचा नाही.

चाहती : वाट तिनंच घातली का, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. सासू-सुनेचं भांडण ओव्यांमध्ये होतं, भोंडल्याच्या गाण्यांत होतं, ते टीव्हीनं शोधलेलं नाही. पण दोन्हींतला फरक मला दिसतो. 'तू तू मैं मैं'मध्ये भांडण तोंडावर आहे. जे म्हणायचं ते स्वयंपाकघरात उभं राहून, समोरासमोर, भरल्या आवाजात. पुढच्या मालिकांमध्ये ते दाराआड गेलं, फोनवर गेलं, कटात गेलं. तोंडावर भांडणाऱ्या दोन बाया एकमेकींना बरोबरीच्या मानतात. तुला उत्तर द्यावंसं वाटतं, म्हणजे तू मला मोजतेस. आणि खऱ्या वयात त्या दोघी होत्याच बरोबरीच्या. सुप्रिया रीमापेक्षा फक्त नऊ वर्षांनी लहान. म्हणजे म्हणायला सासू आणि सून असल्या, तरी पडद्यावर दोन तरण्या, तयारीच्या अभिनेत्री एकमेकींना झेलत होत्या. एकीनं चेंडू उंच उडवायचा, दुसरीनं तो खाली पडू द्यायचा नाही. भांडणाच्या तळाशी तो आनंद होता, आणि लहान मुलालासुद्धा तो कळायचा. पुढच्या मालिकांनी भांडण तेवढं घेतलं, हा आनंद घेतला नाही. म्हणून दोष द्यायचा तर घेणाऱ्याला द्या.

साशंक : तू पुन्हा वयावर आलीस. मघापासून तू वयाचेच आकडे सांगते आहेस. तुझ्या मनात काहीतरी आहे.

चाहती : आहे. मघाशी तुम्ही 'श्रीमान श्रीमती'चा पाया सांगितलात आणि त्याला नावं ठेवलीत. मी तेव्हा गप्प बसले, कारण तुमचं म्हणणं चूक नव्हतं. पण त्या पायाची एकच बाजू तुम्ही पाहिलीत. केशवची नजर बायकोला ओलांडून जाते, हे खरं. पण दिलरुबाची नजर? ती कोकीवर आहे. १९९४ साल. रीमा ३६ वर्षांची. त्याच वर्षी देवकी म्हणून ती सासू आहे, सिनेमात ती उपवर मुलीची आई आहे. सगळीकडे तिचं वय वाढवून लावलेलं. आणि या एका मालिकेत ती तिच्या स्वतःच्या वयाची आहे. तिशी ओलांडलेली, शाळेत जाणाऱ्या मुलाची आई, संसारी बाई, आणि तरीही कुणाला तरी सुंदर वाटणारी. शेजारचा पुरुष तिच्यासाठी झुरतो. फार्समधलं झुरणं का असेना, पण त्या दशकात मोठ्या पडद्यानं रीमाकडे त्या नजरेनं बघितलं का कधी? सिनेमानं तिच्या पाया पडून घेतलं. टीव्हीवरच्या विनोदानं तिला बाई म्हणून पाहिलं. आणि कोकीला ते जाणवतं की नाही, हे रीमा कधी पुरतं उघड करत नाही. थोडं भोळेपण, थोडी शान. आपण कुणाला तरी आवडतो याचं ओझं वाटू न देता ती वावरते. माझ्या आजीसारख्या, आईसारख्या कितीजणींनी ते पाहिलं असेल! त्यांच्याकडे तरी कोण त्या नजरेनं बघत होतं?

साशंक : याचा विचार मी कधी केला नव्हता. मी ती मालिका बाईची चेष्टा म्हणून बाजूला टाकली होती. तू म्हणतेस त्या चेष्टेच्या पोटातच तिला तिचं वय परत मिळालं. मग मलाही एक गोष्ट आठवून द्यावी लागेल, म्हणजे पारडं एकीकडे झुकणार नाही. रंगभूमीनंही तिला तिचं वय दिलं होतं. अंबिका तरुण होती, कुसुम तरुण होती, आणि त्या भूमिका करणारी रीमाही तेव्हा तरुणच होती. तिथं तिला कुणी पांढरे केस लावले नाहीत. पण बघ, तिथं ते वय कुठल्या किमतीला मिळालं? एकीवर बलात्कार होतो, दुसरीला भूतबाधा होते. म्हणजे नाटकात तरुण बाई तिच्या खऱ्या वयात उभी राहिली ती भयंकर दुःखात, मालिकेत उभी राहिली ती फार्समध्ये. एरवी तिशीतली साधी, शहाणी, नोकरी करून घरी येणारी, स्वतःचं मन असलेली बाई लिहायला कुणाची लेखणी धजावत नव्हती. सिनेमानं तिचं वय चोरलं म्हणून आपण त्याला बोल लावतो. पण माझी रंगभूमी आणि तुझी मालिका, दोघींनीही ते तिला सरळ हातानं दिलं नाही.

चाहती : आणि आपण प्रेक्षकांनीही मागितलं नाही. हे मला मान्य करावं लागतंय. मी 'लाडकी' म्हणते तेव्हा माझं प्रेम खरं आहे. पण त्यात आळसही आहे. तिनं मला बरं वाटेल असं काहीतरी करत राहावं, एवढीच माझी मागणी होती. तरी एक सांगते. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं 'श्रीमान श्रीमती' पुन्हा दाखवली. रीमाला जाऊन तीन वर्षं झाली होती, जतीन कनाकियाला तर वीसहून जास्त. घरात भीती भरलेली. आणि कोकी आली. तोच क्षणभराचा थांबा, तेच डोळे. माझी आई त्या दिवसांत पहिल्यांदा मोकळी हसली. तुमचं नाटक तेव्हा येऊ शकत नव्हतं, काका. ते तुमच्याबरोबर जाणार आहे. कोकी राहणार आहे. राहण्याला काहीच मोल नाही का?

साशंक : मोल आहे. पण जे टिकलं तेच थोर, असं झालं तर जे त्या रात्री नाट्यगृहात विरून गेलं त्याचं काय? 'सविता'वर २०१८ मध्ये सिनेमा आला. गोष्ट राहिली, रीमाचं ते बोलणं राहिलं नाही. ते पाहिलेली माणसं एकेक करून जातायत. माझं दुःख टीव्हीवर नाही, हे तुझ्याशी बोलताना मला कळलं. माझ्याजवळ जे आहे ते मला कुणाच्या हाती देता येत नाही, म्हणून जे सगळ्यांच्या हाती आहे त्याचा मला राग येतो. आणि तुझी अडचण उलटी आहे. कोकी सगळ्यांना दिसते, म्हणून तिच्यात काय आहे ते कुणी सांगत बसत नाही. शोकांतिकेतल्या अभिनयाबद्दल लिहायला आपल्याकडे शब्दांचे ढीग आहेत. एका थापेवर क्षणभर थांबणाऱ्या बाईबद्दल लिहायला किती आहेत?

चाहती : फार थोडे. मघाशी मी बोलले, तेही अडखळतच. मग असं करा. तुम्ही कुसुमबद्दल लिहा. आवाज थंड कसा होत गेला, मान कुठून वर आली, सगळं. मी कोकीचा एक प्रसंग आवाज बंद करून पुन्हा पुन्हा बघते आणि ती कुठल्या शब्दावर थांबते ते टिपून ठेवते. दोन्ही शेजारी ठेवून बघू, ही एकच बाई आहे का.

साशंक : एकच असणार. पण समज तशी ती निघाली, तरी एक प्रश्न उरतोच. भुतानं झपाटलेली नाही, फार्समध्ये अडकलेली नाही, कुणाची आईही नाही, अशी ३६ वर्षांची रीमा आपण कुठं बघायची?